कुशाबाने उघडी ठेवलेली तार

महिपतराव खोतांनी एकदा तरी ठकूबाईच्या दारावरून अनवाणी जावं, ही इच्छा कुशाबाने मुंबईला नेली, परळच्या गॅरेजात काम शिकताना सांभाळली, आणि परत आणून तिच्यासकट महाडात दुकान थाटलं. ठकूबाई, त्याची आई, खोतांच्या अंगणासमोरून जन्मभर वहाणा काढून गेली. एकदा विसरली, तेव्हा महिपतरावांनी त्या वहाणा गड्याला नदीत फेकायला लावल्या. पुढे खोती कायद्याने गेली. पण कायदा पायी येत होता आणि महिपतरावांकडे मोटारसायकल होती.

लढाईत वापरून निकालात निघालेली ती गाडी एका श्रावणात वाटेल तिथे बंद पडू लागली आणि बैलगाडीत निजून कुशाबाच्या दारी आली.

"काय झालंय रे हिला, कुशा?"

"बघतो, धनी. बसा." कुशाबाने खुर्ची पुसून दिली. सूड घ्यायचा तर खुर्ची पुसावी लागते.

हँडलवर इंजिन बंद करायचं बटण होतं. ते दाबलं की त्याची तार गाडीच्या लोखंडाला जोडली जाई आणि इंजिन थांबे. बटण गंजलं होतं. कुशाबाने ते घासून लख्ख केलं. खरा घोटाळा मात्र तारेत होता. टाकीखाली तिच्यावरचं रबर झिजून तांबं लोखंडाला टेकत होतं, आणि बटण न दाबताच इंजिन मरत होतं. नवी तार फळीवर होती. कुशाबाने ती तिथेच राहू दिली आणि जुन्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळली. तांदळाएवढी जागा उघडी ठेवली. हँडल पुरतं डावीकडे वळलं तरच टेकेल अशी.

हमरस्त्यावर एवढं वळावं लागत नाही. महिपतराव फेरी मारून आले. "मुंबईत शिकलास खरा!" म्हणाले आणि गाडी घेऊन व्याह्यांकडे जेवायला गेले. कुशाबाने दुकानाला कुलूप घातलं आणि वाडीची एस.टी. पकडली.

वाडीत शिरताना डावीकडे अगदी काटकोनात वळावं लागे, की लगेच चढ, चढावर ठकूबाईचं घर, आणि त्याच वाटेने वर खोतांचं. तापलेलं इंजिन तिथे किकला दाद देणार नव्हतं आणि तांबड्या चिखलात बुटांचे पाय ठरणार नव्हते. कुशाबा पडवीत बसला.

गाडी वळणावर आली आणि गप्प झाली. खोतांनी किक मारल्या, शिव्या दिल्या, ढकलायला गेले आणि गुडघ्यांवर बसले. शेवटी बूट काढून त्यांनी हँडलला टांगले.

"आये, बघ."

तांदूळ निवडणाऱ्या ठकूबाईने पाहिलं, सूप ठेवलं आणि ती आत गेली. म्हातारी भ्याली, असं कुशाबाला वाटलं. ती बाहेर आली ती लेकाने मुंबईहून धाडलेल्या चपला घालून. वाटेच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"जपून हां, धनी. हितं काचा हायत."

"कुशा, अरे बघतोस काय? हात लाव!"

कुशाबा सवयीने उठला.

"बस खाली," ठकूबाई म्हणाली. "चढू दे त्याला."

खोत धापा टाकीत वरच्या सपाटीला पोचले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "काय केलंस रे?"

"तार उघडी ठेवली."

"ऱ्हाऊ दे तशीच. उद्या साळूला बघाया बोलावते. तिच्यापन वहाणा त्यानंच फेकल्या व्हत्या."

वरून खोत ओरडले, "कुशा, उद्या बघशील ना रे गाडी?"

"परवा, धनी," कुशाबा म्हणाला. "उद्या साळूमावशी यायची हाय."