वाडीतला दरडोई

भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस कोकणात घरटी एक तरी सापडेल, पण सरकारी आकडेवारीतून निघालेल्या माणसाला दारोदार हाका मारत फिरणारे सबंध रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहेत, आणि ते माझ्या आईचे धाकटे मामा आहेत. मामाआजोबांनी सगळी नोकरी सांख्यिकी कार्यालयात काढली. गावोगाव फिरून घरात माणसं किती, कमावती किती, भात किती, काजू किती हे विचारायचं, हे त्यांचं काम. सगळ्यांची मिळकत एकत्र करून डोक्यांनी भागली की दरडोई उत्पन्न निघतं, एवढं मलाही शाळेत शिकवलं होतं. मामाआजोबांचं म्हणणं, नुसतं उत्पन्न निघत नाही, ते मिळवणारा माणूसही निघतो. त्याचं नाव दरडोई. "उत्पन्न आहे म्हणजे ते खिशात घालणारा कोणीतरी असणारच ना? इतकी घरं फिरलो, बरोब्बर तेवढंच मिळवणारा एकही गावला नाही. मग तो राहतो कुठं?" हे ते इतक्या शांतपणे विचारतात, की मी हटकून मागे वळून बघते.

प्रत्येक जिल्ह्याचा दरडोई वेगळा, आणि ते त्यांची वर्णनं शेजाऱ्यापाजाऱ्यांची करावीत तशी करतात. मुंबईचा आडवातिडवा, मान नसलेला, त्याला जिना चढवत नाही. पुण्याचा अलीकडे सुटत चाललाय, जुने शर्ट बसेनासे झालेत. नंदुरबारचा आणि गडचिरोलीचा इतके बारीक, की भर उन्हात त्यांची सावली पडत नाही. आपल्या रत्नागिरीच्या दरडोईचे कपडे बरे असतात, पण मुंबईहून कोणीतरी पाठवलेले, त्यामुळे खांद्यात ढगळ. एकदा आमच्याकडे जेवताना आईनं विचारलं, "पण मामा, मुंबईचा एवढा फुगला कशानं?" त्यांनी काटा बाजूला काढून ठेवला आणि म्हणाले, "आपली माणसं खाऊन. वाडीतले पोरगे तिथं राबतात, त्यांची मिळकत तिथं मोजतात, डोकीही तिथंच धरतात. त्याच्या अंगावर जे मांस आहे ना, त्यात आपल्या वाडीचं पण आहे गो." आई म्हणाली, "मामा, पोरगी जेवतेय, जरा बेतानं!" माझा बांगडा त्या दिवशी पानातच राहिला.

मी इंग्रजी शाळेत शिकले. कोणी मराठीत आकडा सांगितला, की एकोणसत्तर की एकोणऐंशी, हे अजूनही मनातल्या मनात तपासून घेते, आणि तेवढ्यात समोरचा पुढं गेलेला असतो. त्यामुळे मी बोलते कमी. बहुधा म्हणूनच मामाआजोबा मला बोलावून घेत. त्यांची वाडी राजापूरच्या बाजूला, फाट्यावर एसटीतून उतरून आत चालत जायचं. गणपती आणि शिमगा सोडला तर बहुतेक घरांना कुलूप. दिवेलागणीला ते काठी घेऊन निघतात आणि एकेका बंद दारावर थाप मारतात. "कोण आहे काय घरात? किती माणसं?" मग मान तिरकी करून उभे राहतात. आतल्या माणसाला मोजून सांगायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ देतात आणि पुढच्या घराकडे वळतात. त्यांची खात्री आहे, की दरडोई अशाच एखाद्या घरात राहतो आणि एक दिवस ओ देईल. एकदा मी बरोबर असताना कुलूप लावलेल्या एका घरात भांडं पडलं. पडलं, आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं. मी त्यांचा सदरा घट्ट धरला. ते चिडलेच. "उंदीर गो! घाबरतेस कसली? दरडोई असा भांडी पाडत नाही. तो नीट ओ देईल."

ओ देणारं दार वाडीत एकच होतं, अगदी समोरच्या काकींचं. थोडं भात, थोड्या कोंबड्या आणि पुष्कळ तोंड, एवढ्यावर काकी एकट्या राहत होत्या. मामाआजोबांची थाप पडली की आतून आवाज यायचा, "आहे, आहे! मेले नाही अजून!" वर ऐकवायच्या, "भावजी, तुमचा तो दरडोई गावला तर गवत रचायला पाठवा माझ्याकडं. फुकट फिरतो मेला." मामाआजोबा गंभीरपणे मान डोलवायचे. फेरीत हे दार ते सगळ्यात शेवटी ठेवायचे.

गेल्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. ते सांगायला मी वाडीवर गेले, त्याच दिवशी काकींचा मुलगा त्यांना नालासोपाऱ्याला न्यायला आला होता. कोंबड्या फाट्यावरच्या दुकानदाराला देऊन झाल्या होत्या. काकी गाडीत पुढं बसल्या आणि काच खाली करायचं बटण सापडेना, म्हणून आतूनच ओरडल्या, "गणपतीत येतेय की, भावजी! परदेशात जातेय काय?" गाडी वळणाआड गेली. मामाआजोबा म्हणाले, "वाडी वर गेली."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. एकेक गरीब घर बंद झालं, तशी वाडीची सरासरी वाढत गेली. आता पेन्शनवाला एकटा उरला, भागायला डोकं एकच. "अशी श्रीमंत वाडी तालुक्यात नसेल." ते हसले नाहीत. आईनं फोनवर खूप विनवलं, रत्नागिरीला आमच्याकडं या म्हणून. "मी आलो तर भागायचं कशानं?" ते म्हणाले. "शून्यानं भागता येत नाही. वाडीच हिशोबातून जाईल." माझ्या नोकरीचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तुला आता तिथल्यात धरणार?"

थंडीत दोन दिवसांची सुट्टी काढून गेले. दुपारी आम्ही चहा घेतला, तिन्हीसांजेला ते काठी घेऊन निघाले. मी डास येतात म्हणून दार लोटलं आणि चुलीपाशी बसले. थापा ऐकू येत होत्या. थाप, प्रश्न, आणि मग ती जागा, जिथं उत्तर यायला हवं. दर वेळी थोडी जवळ. काकींच्या दारावर ते फार वेळ थांबले. आता परत येतील, म्हणून मी कप मांडले.

आमच्याच दारावर थाप पडली.

"कोण आहे काय घरात?"

मी आत आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी आवाज तोच, बंद घरांना विचारायचा. मला कोणाला मोठ्यानं हाक मारता येत नाही, रिक्षासुद्धा हात करून थांबवते. पण बाहेर ती मान तिरकी झालेली मला दाराआडून दिसत होती.

"आहे, आहे!" मी ओरडले. "मेले नाही अजून!"

मग हळूच, "किती माणसं?"

"दोन."

दार उघडून ते आत आले आणि चष्मा पुसत राहिले. "निम्मी झाली गो," ते म्हणाले. "पेन्शन तेवढीच, डोकी दोन. सरासरी एकदम निम्म्यावर!" इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. माझा पगार पुण्यात मोजला जातो आणि माझं डोकंही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी निघाले, आणि वाडी पुन्हा श्रीमंत झाली.