मुळेकाकांचा सेल्फ गोल

मुळेकाका तुमच्याशी बोलताना तोंडाकडे बघायचे नाहीत, कमरेकडे बघायचे. आमच्या आईला आधी वाटायचं, साडीला काही लागलंय की काय. शेवटी काकांनीच खुलासा केला, "वहिनी, सवय आहे हो. समोरच्याचे पाय फसवतात, डोळे फसवतात. कमर धोका नहीं देती. जिकडे कमर, तिकडेच माणूस जाणार."

काका महूला फुटबॉल शिकले आणि मग अकरा सीझन कलकत्त्याच्या एका क्लबात बॅक म्हणून, म्हणजे गोलकीपरच्या पुढे बचावाला, खेळले. पगारी खेळाडू! दुखरा गुडघा घेऊन उज्जैनला परतले, फ्रीगंजात राहिले. टावर चौकात पोहे खातानासुद्धा पाठ भिंतीला लावून उभे. म्हणायचे, "मागून कोणी यायला नको, भिया." गल्लीत नुकतीच केबल आली होती. मॅच लागली की आम्ही बॉल बघायचो, काका भलतीकडेच. "बॉल काय बघतोस? तो काय पळून जाणार आहे? मोकळं कोण उभं आहे ते बघ."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि राम घाटावरच्या पंड्यांपासून आमच्या प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. काकांनी फायनलमध्ये आपल्याच गोलात बॉल घातला होता आणि त्यानंतर क्लबाने त्यांना ठेवलं नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. गणपतीच्या पहिल्याच प्रोग्रामात मी त्याची नक्कल केली. लंगडत आलो, गर्रकन वळलो, धाडकन मारला, मग डोकं धरून बसलो. लोक लोटपोट. दुसऱ्या दिवशी पोरं काकांच्या मागे, "सेल्फ गोल काका! सेल्फ गोल काका!"

संध्याकाळी काका घरी आले. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

"पाय चुकला तुझा," काका म्हणाले. "उजव्याने नाही, डाव्याने. और इतनी जोर से भी नहीं. चल ग्राउंडवर. नक्कल करायची तर बरोबर कर."

ग्राउंडवर त्यांनी दोन विटा ठेवून गोल केला. मी गोलाकडे तोंड करून डाव्या पायाने बॉल हळूच सरकवला. तो आपला रमतगमत विटांमधून गेला.

"काका, हा तर पास झाला. एवढा हळू बॉल! गोलकीपर काय करत होता?"

काका बॉल आणायला गेले, ते सावकाश परत आले. "त्याने 'दे' म्हणून हाक मारली. मी न बघता दिला. तो घाबरून भलतीकडेच पळाला होता."

"म्हणजे चूक त्याची! तुम्ही सांगितलं का नाही?"

"एकोणीस वर्षांचा होता रे. पहिला सीझन. नाव आलं असतं तर बूट टांगून घरी गेला असता. मला वाटलं, माझा एखादा सीझन जाईल."

"एखादा?"

"सगळेच गेले," काका हसले. "पर मैं बॅक था ना. मागचा उघडा पडला की आपण आडवं जायचं. आता तू कुठे बोलू नकोस. तो अजून कुठेतरी पोरांना शिकवतो म्हणे."

शेवटच्या दिवशी मी स्टेजवर चढलो तर पब्लिक ओरडतंय, "सेल्फ गोल! सेल्फ गोल!" मला राहवेना. म्हटलं, आज सगळं सांगूनच टाकतो. माइककडे निघालो, तर पहिल्या रांगेत काका. माझ्या कमरेकडे बघतायत.

मी वळलो. धावत आलो, बॉल सोडून हवेतच लाथ मारली आणि सपशेल आपटलो. कुणी चप्पल फेकली, कोणी ओरडलं, "क्यों बे, भूल गया क्या?" पोरांना आठवडाभर चिडवायला मी मिळालो. काकांना सोडलं त्यांनी.

परतताना काका म्हणाले, "सांगायला निघाला होतास ना? कमर माइककडे वळली होती."

"मग?"

"मग वळवलीस. चांगला बॅक झाला असतास, भिया."

काका गेले, आता दोन वर्षं झाली. गणपतीत अजून कोणीतरी फर्माइश करतंच. मी उठतो, धावत येतो आणि पडतो.