पत्ता नसलेला दुवा

घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे चाललास' असं विचारू नये, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कुणी विचारलंच, तर माणूस आत येतो, बूड टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो. मेश्राम नेमकं तेच विचारायचा. चंद्रपूरच्या आमच्या कचेरीत त्याची खुर्ची दाराशीच होती, हे आमचं दुर्दैव. पाय चपलेत सरकवला की मागून आवाज यायचा, "कुठी चालला, मास्तर?" कचेरीतला अर्धा माठ त्याच्यामुळे रिकामा व्हायचा.

"अपशकुन करतोस लेका," मी म्हणायचो.

"ठिकाण नाई सांगत, तो माणूस हरपते. अपशकुन तो हाये."

नव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आमची संस्था गडचिरोलीच्या जंगलातल्या आरोग्य केंद्रांसाठी उपचारांचं पुस्तक करत होती. मजकुराची मराठी घासूनपुसून देणं माझं काम, तो मजकूर संगणकातून पडद्यावर आणि कागदावर नेणं मेश्रामचं. पर्ल नावाच्या भाषेत तो स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायचा. पुस्तकभर दुवे होते. 'पाहा, ताप.' 'पाहा, बाळंतपण.' पडद्यावर तिथे क्लिक केलं की ते पान उघडावं, कागदावर तिथे पानाचा आकडा यावा. दुसरा कुणी असता तर अक्षरं शोधून आकडे चिकटवून मोकळा झाला असता. मेश्राम एकेक दुवा मजकुरातून सोडवून काढायचा आणि त्याचा ऑब्जेक्ट करायचा.

"म्हणजे काय करतोस रे?"

"त्याले कुर्ता शिवून देतो. चार खिशांचा. एका खिशात, लोकायले दिसते काय. दुसऱ्यात, प्रकरण कोणतं. तिसऱ्यात, त्यातलं शीर्षक कोणतं. चवथ्यात, हा भेटला कोणत्या ओळीवर. मंग त्याले उभा करून विचाराचं, बाबू, तू दिसतं काय आन जातं कुठी. दोन्ही येगळं रायते."

ही कसोटी तो माणसांनाही लावायचा. कचेरीचे साहेब त्या वेळी बदलीच्या खटपटीत होते. ते आत गेले की मेश्राम माझ्या कानाशी यायचा. "दिसते चंद्रपूरले, जाते नागपूरले."

सर्पदंशाच्या प्रकरणात पुस्तकाचा मजकूर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'लस किती द्यावी? पाहा, मात्रा.' त्या प्रकरणात तर असं शीर्षकच नव्हतं, आणि बाकी पुस्तकात ते जागोजागी होतं. कुठली मात्रा? दुसरा खिसा रिकामा. असं झालं की स्क्रिप्टने पहिली सापडेल ती मात्रा धरावी आणि समासात तांबडी ओळ छापावी, अशी सोय मेश्रामने करून ठेवली होती. तांबडं दिसलं की डॉक्टरांना विचारून तो खिसा भरायचा. पण डॉक्टर दौऱ्यावर होते आणि मेश्राम भाचीच्या लग्नासाठी ब्रह्मपुरीला गेला होता. तो परतला, तोवर पुस्तकं छापून, गठ्ठे बांधून, अहेरीच्या एसटीने रवाना झाली होती.

"ते तांबडं मीच काढायला लावलं," साहेब म्हणाले. "उद्घाटनाला पाहुणे येतात. चांगल्या पुस्तकात तांबडं काय करतं?"

मेश्रामने पुस्तक उघडलं. सर्पदंशाखाली स्वच्छ छापलं होतं, 'पाहा, पान अकरा.' पान अकरावर तान्ह्या बाळाच्या तापाचं गोड औषध होतं, चमच्याच्या मापाने.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "दिसते एकदम बरोबर."

डॉक्टर दौऱ्यावरून परतले होते. त्यांना खरं पान विचारून आम्ही दोघं पेन घेऊन अहेरीला धावलो. गठ्ठे तिथल्या दवाखान्यात पडून होते. फक्त एक पुस्तक एटापल्लीच्या पलीकडच्या केंद्रात पोहोचलं होतं. मेश्राम लाकडाच्या ट्रकमध्ये बसून तिकडे गेला. मी व्हरांड्यात बसून पुस्तकामागून पुस्तक दुरुस्त करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जंगलातल्या आडवाटेने एक बैलबंडी आली. बंडीत घोंगडीखाली माणूस, मागून चालत त्याची बायको. दवाखान्याच्या डॉक्टरांनी घोंगडी बाजूला केली, पाहिलं, आणि परत नीट पांघरली. त्याचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लालसू."

संध्याकाळी मेश्राम ते एक पुस्तक घेऊन परतला. घामाने निथळत होता. तिथल्या नर्सबाईचं बोलणं त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. "पुस्तकात पाह्यलं, भाऊ. अकरा काढलं, तं लेकराचं औषध. लस होती पेटीत, पण किती द्याची? विचारू कोणाले? बंडीत टाकून अहेरीले पाठवलं."

मग त्याने विचारलं, "बंडी पोहचली का, मास्तर?"

व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईकडे माझी नजर गेली. माझ्यामागून त्याचीही गेली.

चंद्रपूरला साहेब म्हणाले, "तो तसाही गेला असता."

"असंन, साहेब. पण तांबडं तुमी पुसलं, आन अंदाज बांधाची सोय मी देल्ली होती. जे मले मालूम नाई, ते मशीनले कसं मालूम रायन?"

त्याने ती सोय उपटून काढली. त्या जागी एक तपासणी लिहिली. एकाही दुव्याचा खिसा रिकामा असला, तर पुस्तकाचं एक पानही निघणार नाही. पडद्यावर फक्त तपासणीचं नाव उमटणार आणि सगळं थांबणार. नाव काय ठेवायचं, ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

पुढे मेश्राम हैदराबादला गेला आणि तिकडेच काविळीने वारला. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, स्क्रिप्ट तीच राहिली. काम सुरळीत चालू असताना अचानक पडदा थिजतो. नव्या ऑपरेटर बाई खुर्ची मागे सरकवतात.

"सर, पडद्यावर लालसू उठला. हा कोन हाये, कोनी मेलेला माणूस हाये का? मले भेव लागते याचं."

"लागू द्या," मी म्हणतो. दुवा पाहतो, कुठला खिसा रिकामा आहे ते बघतो आणि डॉक्टरांना फोन लावतो. फोन लागेपर्यंत कुणी कळ दाबत नाही.