बाबांच्या खुर्चीची कुरकुर

मुंबईतलं नाहूरचं घर सोडून कॅनडाला निघाले त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि बाबा कॉम्प्युटरसमोर. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचं, ते बाहेरून कॉल लावणार. "आधी ट्रायल होऊ दे. तिकडं गेल्यावर ऐकू नाय आलं तर कुणाला विचारशील?" आई दारात डोळे पुसत होती आणि आम्ही बापलेक एका भिंतीच्या दोन बाजूंना हॅलो हॅलो करत होतो.

कॅनडात आल्यावर आवाजाची खरंच वाट लागली. बाबांपेक्षा त्यांची खुर्ची जास्त बोलायची. ऑफिसातून भंगारात निघालेली ती लोखंडी फिरती खुर्ची त्यांनी रिटायर होताना हौसेनं घरी आणली होती. जरा हललं की कुरकुर. त्यात पंखा, कुकर, शेजारच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग. मी चिडायचे. दुसरी खुर्ची घ्या म्हटलं तर म्हणाले, "खुर्ची नाय बदलणार. काय करायचं ते कॉम्प्युटरला कर." शेवटी मी इथूनच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि आजूबाजूचे आवाज गाळून टाकणारी सेटिंग पूर्ण वाढवली. खुर्ची गप्प, कुकर गप्प. राहिले फक्त बाबा. ते शेजारीच बसलेत असं वाटायचं.

मग बाबा अचानक गेले. माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी जमा होता. तो परत मिळेपर्यंत मला हलता येईना. घरी झालेल्या त्यांच्या जलदानविधीला मी स्क्रीनवरूनच हजर होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून बसली. बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली, सगळ्यांनी मागोमाग म्हणायला घेतली आणि आवाज तुटला. ओठ हलताना दिसत होते. एखादा शब्द यायचा, की पुन्हा शांतता. त्या सेटिंगला एकटा माणूस कळतो. खोलीभर माणसं एका सुरात म्हणू लागली की तिला तो गोंगाट वाटतो. माझ्या बापाची शेवटची वंदना मला ऐकू येत नव्हती. मी इथं ओरडत होते. धाकटा भाऊ सुमेध उठून कॉम्प्युटरजवळ आला.

"ताई, नेटचा लोचा असेल ना."

"नेट नाही रे, सेटिंग! ते आवाज गाळायचं बंद कर, लवकर."

त्यानं बंद केलं आणि सगळं घर एकदम अंगावर आलं. पंखा, वंदना आणि त्याखाली आईचं रडणं. ती कॅमेऱ्याबाहेर बसली होती. कॉल लागल्यापासून रडत होती, मला कळलंच नव्हतं.

ती सेटिंग आम्ही पुन्हा लावली नाही. सुमेध म्हणतो लाव, आईचं निम्मं बोलणं तुला कळत नाही. नाही कळत, मी पुन्हा विचारते. माझ्यासारखे इकडे आलेले लोक विचारतात, घरची आठवण येते का. येते, न यायला काय झालं? पण नाहूरला परत जाऊन राहीन असं आता मी कुणाला सांगत नाही, स्वतःलाही नाही.

बाबांच्या खुर्चीत आता आई बसते. कॉल लागला की आधी खुर्ची कुरकुरते, मग आई बोलते. त्या मधल्या क्षणापुरतं माझं घर पूर्वीसारखं असतं.