न पाहिलेला माळढोक

उदगीरचे ईश्वरप्पा गुरुजी पहाटे माळावर फिरायला जात आणि दिसेल ते पाखरू वहीत लिहीत. होले, साळुंक्या, चंडोल, टिटव्या. वीस वर्षांत क्वचितच खाडा पडला असेल. पण ती वही कुणी कधी मागून पाहिली नाही, हे त्यांना आतून सलत होतं.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा माहितीपुस्तिकेसाठी पक्ष्यांची यादी हवी म्हणून जिल्हा कचेरीतून शाळेत पत्र आलं. गुरुजींनी दोन दिवस खपून यादी केली. वाचून पाहिली तर सगळी रोजचीच पाखरं. मग त्यांनी सगळ्यांत वर लिहिलं, ‘माळढोक, दोनदा पाहिला.’

तो दुर्मिळ पक्षी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पुस्तिका छापून आली, त्यात गुरुजींचं नाव. शाळेत सत्कारही झाला.

पुढच्या उन्हाळ्यात नांदेडच्या कॉलेजातले नासिर सर ती पुस्तिका घेऊन दारात उभे राहिले. केस पिकलेले, गुडघे धरलेले. “रिटायर व्हायच्या आत एकदा बघायचाय, गुरुजी.”

पावसानं त्या साली दगा दिला होता. माळावर गवताची काडी नव्हती. तीन दिवस सर लंगडत, वहीत पाखरं लिहिणाऱ्या गुरुजींच्या मागून फिरले. तिसऱ्या दिवशी शेळ्या राखणारी धोंडाबाई भेटली. सरांनी तिला माळढोकाचं विचारलं.

“बहात्तरच्या दुष्काळाआधी हुता. मागनं न्हाई दिसला. गुरुजी, तुमाला कुटं दिसला वो?”

तिनं भाबडेपणानं विचारलं होतं. गुरुजींच्या तोंडून निघालं, “ओढ्यापलीकडं.”

ओढ्यापलीकडं धोंडाबाई रोज शेळ्या नेत होती. तिनं एकदा गुरुजींकडं पाहिलं आणि शेळ्या हाकल्या. गुरुजींचे कान तापले. सरांनी पाण्याची बाटली आधी गुरुजींपुढं धरली. “तुम्ही म्हणता म्हणजे असेलच.”

गुरुजींनी बाटली तशीच परत केली.

संध्याकाळी एसटी स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तेव्हा त्यांनी सरांची बाही धरली. “सर, मी माळढोक पाहिला नाही. कधीच नाही.”

सरांनी विचारलं, “आणि ती रोजची वही?”

“ती खरी आहे.”

“मग तीच का नाही पाठवली?”

सर दांड्याला धरून कसेबसे गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही.

गुरुजींनी कचेरीला चूक कळवली. पुढच्या छपाईत दुरुस्त करू, असं उत्तर आलं. पुढची छपाई काही झाली नाही. धोंडाबाईलाही त्यांनी माळावर गाठून खरं सांगितलं.

“मला कळलं हुतं,” ती म्हणाली. “पर पाव्हण्यासमोर कसं बोलावं?”

गावात मात्र लोक कौतुकानं ‘माळढोकवाले गुरुजी’ म्हणत राहिले. गुरुजी दर वेळी मान खाली घालून सांगत, “मी पाहिला नाही हो.” लोकांना तो त्यांचा विनय वाटे.