गिरगावची भरती, शिवेची भरती

नानांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशनही नीट झालं. आज सकाळी त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, नंदाने फोनवर सांगितलं. म्हणून आता परवाच्या सहलीबद्दल निवांत लिहिते.

सहल गिरगाव ते शीव कोळीवाडा, एवढीच. नाना तिथले जुने मच्छीमार. हल्ली परळला नंदाकडे असतात. हॉस्पिटलात जाण्याआधी त्यांना एकदा आपल्या होडीत बसायचं होतं. पण त्या गुडघ्यांनी चिखल तुडवणं शक्य नव्हतं. पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना लागलं, तरच थेट होडीत पाय टाकता येणार. आणि चार वाजता हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं.

पेपरात मुंबईच्या भरतीची वेळ दीडची होती. मी साडेअकराला निघाले. चौपाटीची बरीच वाळू पाण्याखाली गेली होती. बसने लालबागला उतरून नानांसाठी तिखट चिवडा घेतला आणि परळ गाठलं. नाना सावकाश सोलकढी पीत होते.

"नाना, आटपा! पाणी उतरेल," नंदा ओरडली.

"एवढी कशाला घाय करता गो?"

"तुम्ही गप्प बसा. पायात चप्पल घाला आधी."

टॅक्सीला दोनशेच्या आत पडले. धक्क्यावर पोचलो तेव्हा बरोबर दीड. खाली चिखल, चिखलात कलंडलेली निळी होडी, आणि तिच्याशेजारी गुडघाभर चिखलात नानांचा पुतण्या भालू. शेवटच्या पाच पायऱ्या कोरड्या.

नंदाचा चेहरा पडला. "गेलं वाटतं पाणी. माझंच चुकलं, लवकर निघायला हवं होतं." तिचे डोळे भरून आले.

नाना पायरीवर टेकले आणि चिवड्याची पुडी उघडली. "आज वद्य बीज. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दोनाची दीड. पेपरवाल्याचा हिशेब बरोबर हाय. पन तो तिकडचा. ते पानी काय तुझ्यासारखं टॅक्सीनं येतंय?"

मग त्यांनी पायरीवर बोटाने नकाशा काढला. गिरगावसमोर उघडा समुद्र, तिथे पाणी सरळ येतं. इथे यायचं तर कुलाब्याला वळसा, मग बंदर, मग ही अरुंद खाडी. तळ उथळ, कडेला तिवरं, सगळे त्याला धरून ठेवतात. "दमत दमत येतं बिचारं. माझ्यासारखं."

आम्ही बसून राहिलो. भालूने घरून चहा आणला. दोन वाजता पाचवी पायरी भिजली, मग चौथी. सव्वादोनला होडी हलकेच सरळ झाली, आणि भालू म्हणाला, "या काका."

नंदाने एक हात धरला, मी दुसरा. नाना होडीत बसले आणि बराच वेळ नुसता काठावरून हात फिरवत राहिले. वल्ही कोणी मारलीच नाहीत. चारला पाच कमी असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो.

घरी आल्यावर चौपाटीवर चक्कर मारली. पाणी खूप मागे गेलं होतं. चाळीस वर्षं मी याच पाण्याला मुंबईची भरती समजत आले.

आजच्या फोनवर नानांनी मला एक काम सांगितलं. भालू पंधरा दिवस गावी जातोय, आणि होडी कोरडी पडली की फळ्या फाकतात. येत्या अमावास्येला, पाणी पायऱ्यांना लागलं की, कोणीतरी तिच्यावर पाणी मारायला हवं. त्या दिवशी गिरगावात बाराच्या सुमारास भरती आहे. इथलं पाणी पूर्ण भरलेलं बघूनच मी निघणार आहे.