आठ दिवसांसाठी आणलेलं पेन

माझे बाबा सरकारी लिफ्ट तपासनीस होते. लिफ्टमध्ये बटणांच्या वर काचेची एक लहानशी चौकट असते ना, तिच्यातल्या कार्डावर ‘ही लिफ्ट तपासली असून वापरण्यास योग्य आहे’ असं छापलेलं असतं, शिवाय वापराचे दोन-चार नियम, आणि खाली एक सही असते. आमच्या शहरात ती सही बाबांची असायची. लिफ्टमध्ये शिरलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, त्यामुळे त्यांना त्या कार्डाकडेच बघावं लागतं. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं.

“या शहरात सगळ्यात जास्त वाचली जाणारी सही माझी आहे,” ते जेवताना म्हणायचे.

“वाचली कुठे जाते? बघितली जाते,” आई म्हणायची.

आईचं खरं होतं. ती सही म्हणजे गांडुळाला गुदगुल्या केल्यासारखी दिसायची. पण त्यात बाबांचा दोष नव्हता. लिफ्टमध्ये टेबल नसतं. कार्ड लिफ्टच्या भिंतीला टेकवायचं आणि उभ्याउभ्या सही करायची. बॉलपेन आडवं धरलं की चालत नाही. मग ते झटकायचं, त्यावर तोंडाने वाफ सोडायची, बुटाच्या तळव्यावर घासायचं, पुन्हा टेकवायचं. एका सहीला इतका खटाटोप लागायचा की तोवर बाबांना लिफ्टमधली आणखी एखादी खोड सापडायचीच. दार नीट मिटत नाही, नाहीतर पंखा कुरकुरतोय.

बाबांची पन्नाशी जवळ आली तेव्हा आईने विचारलं, काय हवंय? आयुष्यभर “काही नको” म्हणणारे बाबा लगेच म्हणाले, “पेन.” आईला आनंद झाला. स्वस्तात सुटलो असं वाटलं तिला. मग बाबा आम्हाला पेनच्या एका दुकानाच्या काचेपुढे घेऊन गेले. आत मखमलीच्या उशीवर एक काळंभोर, जाडसर शाईचं पेन निजलं होतं. किंमत बघून आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. किंमत तीच होती.

“यात दोन दारांचा फ्रिज येतो,” ती म्हणाली.

“फ्रिजने सही होत नाही,” बाबा म्हणाले.

घरी आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी दोघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं: आत्याला बोलवायचं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती गाद्यांच्या दुकानात विक्रीला होती आणि सगळ्या नात्यात तिला गादीआत्याच म्हणायचे. वस्तू पैशाला उतरते की नाही हे आत्यानेच सांगावं, असा घरातला शिरस्ता. तिचा नियम एकच. वापरल्याशिवाय बोलायचं नाही. गिऱ्हाईक गादी बोटाने दाबून “बरी वाटते” म्हणालं की ती चिडायची. “बोटाने झोपता का तुम्ही?” असं म्हणून मोठमोठ्या साहेबांना बूट काढायला लावून आडवं करायची. एकदा एक न्यायाधीश तिच्या दुकानात दुपारभर घोरत पडले होते.

आत्या पेनच्या दुकानात शिरली तीच बाह्या सरसावून. मी आणि बाबा मागे. पांढरे हातमोजे घातलेला एक विक्रेता पुढे आला, त्याने ते पेन तान्ह्या बाळासारखं उचललं आणि बोलायला लागला. निब सोन्याची. ती घासायलाच कारागिराला कित्येक दिवस लागतात. बाहेरच्या अंगाला आरशासारखी चकाकी. तीन पिढ्या टिकेल.

“ते राहू दे. लिहितं कसं?” आत्याने विचारलं.

हातमोजेवाल्याने जाडजूड कागद पुढे ठेवला. “आपण एक ओळ लिहून बघू शकता.”

“एक ओळ?” आत्याचा आवाज चढला. “म्हणजे बोटाने दाबून बघायचं! आठ दिवस घरी नेते. नाही पटलं तर परत.”

हातमोजेवाल्याचा चेहरा असा झाला, जणू तिने त्याचं मूल आठ दिवसांसाठी मागितलं. तो आवाज ऐकून आतून मालक आले. उंच, रुबाबदार, पण एका बाजूला कललेले, पाऊस लागून फुगलेल्या दारासारखे. आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमची गादी मध्ये बसलीय.”

“काय?”

“गादी. मध्ये खड्डा पडलाय. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता आणि सकाळी उठताना भिंत धरता.”

मालकांनी आधी हातमोजेवाल्याकडे पाहिलं, हे घरातलं याने फोडलं की काय म्हणून. मग हळूच विचारलं, “यावर काही उपाय?”

पाच मिनिटांत सौदा ठरला. आत्याच्या दुकानातली सगळ्यात भारी गादी आठ दिवस मालकांकडे आणि मालकांचं पेन आठ दिवस आमच्याकडे. दोघांनाही वाटलं, समोरच्याला चांगलं गुंडाळलं.

पेन घरी आलं. आत्याने जाहीर केलं, याचे लाड करायचे नाहीत, रोजच्या पेनसारखं वापरायचं. सगळ्यांनी. मी त्याने कपाटाच्या चावीला बांधायची चिठ्ठी लिहिली. आईने वर्तमानपत्राच्या कडेला वळणदार अक्षरात ‘दोन दारांचा’ असं लिहिलं आणि ते पान बाबांना दिसेल असं ठेवलं. आत्या मात्र नुसत्या आडव्या रेघा मारत बसली. “शब्द लिहिले की लक्ष अर्थाकडे जातं,” ती म्हणाली. बाबांनी सही केली आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. गांडुळाचा मोर झाला होता. बाबांचं आडनाव काय आहे हे त्यातून प्रथमच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा ते पेन खिशाला लावून कामावर गेले आणि तोंड पाडून घरी आले. भिंतीला टेकवून शाईचं पेन चालतच नव्हतं. निब वर होते, शाई मागे जाते. जी उतरली ती थेट त्यांच्या मनगटावर.

“पेनचा दोष नाही,” बाबा घाईघाईने म्हणाले. “भिंतीचा आहे.”

मग त्यांनी माळ्यावरचं घडीचं टेबल आणि स्टूल काढलं. तिसऱ्या दिवसापासून ते लिफ्ट तपासायला टेबल-स्टूल घेऊन जायला लागले. लिफ्टमध्ये कोपऱ्यात टेबल मांडायचं, स्टुलावर ऐसपैस बसायचं, टोपण उघडायचं, कार्ड समोर ठेवायचं आणि दमादमाने सही करायची. तेवढ्यात खालून कोणीतरी बटण दाबायचं आणि बाबा टेबलासकट खाली जायचे. दार उघडलं की समोरच्यांना एक चष्मेवाला साहेब लिफ्टमध्ये कार्यालय थाटून बसलेला दिसायचा. बरेच जण “माफ करा” म्हणून जिन्याने जायचे. काही जण आत येऊन अदबीने उभे राहायचे. एका म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाणी येत नसल्याची तक्रार केली. एका बाईंनी मुलाच्या दाखल्यावर सही मागितली. हे आपलं काम नाही असं त्यांना सांगितल्याचं बाबा घरी म्हणाले, पण माझ्या अंदाजाने त्यांनी ती केली असावी. त्या दिवसांत ते कशावरही सही करायला तयार असायचे.

फक्त एका इमारतीच्या रखवालदाराने त्यांना अडवलं.

“साहेब, लिफ्टमध्ये सामान न्यायला बंदी आहे.”

“कोणी सांगितलं?”

रखवालदाराने चौकटीकडे बोट दाखवलं. “इथे लिहिलंय. खाली तुमचीच सही आहे.”

बाबांनी सही निरखून पाहिली. “ही वाचता येत नाही,” ते म्हणाले आणि टेबल घेऊन आत गेले.

इकडे पेनच्या दुकानातला हातमोजेवाला धावतपळत गाद्यांच्या दुकानात आला. या वेळी हातमोजे नव्हते, म्हणून आत्याने त्याला आधी ओळखलंच नाही.

“तुम्ही मालकांना काय दिलंत? ते उठत नाहीयेत!”

आत्या घाबरून मालकांच्या घरी गेली. मालक मजेत होते. गादीवर सरळ, छताकडे तोंड करून पडले होते. दुकान दोन दिवस बंद होतं.

“उठता येत नाही का हो?” आत्याने विचारलं.

“येतं,” मालक म्हणाले. “पण कशाला?”

आणि कूस न बदलताच त्यांनी डोळे मिटले.

सातव्या दिवशी बाबा एका जुन्या व्यापारी इमारतीत गेले. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, त्याखाली गाण्याचा क्लास. बाबांनी लिफ्ट तपासली, टेबल मांडलं आणि सही केली. ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी सही होती, असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगायचे. शाई वाळायला कार्ड टेबलावर ठेवलं असतानाच खालून बोलावणं आलं. लिफ्टमध्ये गाल सुजलेला एक माणूस आणि गाण्याच्या बाई शिरल्या. लिफ्ट दीड मजला चढली आणि थांबली.

“साहेब, लिफ्ट बंद पडली,” सुजलेला गाल म्हणाला.

“पडणार नाही. आत्ताच तपासलीय.”

“पण पडलीय.”

“हो. पण तपासलीय.”

गाण्याच्या बाईंनी धोक्याची घंटा दाबली. ती वाजली नाही. त्यांनी बाबांकडे वळून पाहिलं. “ही तपासली होती का?”

बाबांनी पेनचं टोपण लावलं. बाई मान ताठ करून दाराकडे वळल्या आणि त्यांनी असा काही वरचा सूर लावला की तळमजल्यावरचा चहावाला किटली टाकून वर धावला. पण मदत यायला वेळ होता. सुजलेला माणूस विव्हळत होता, म्हणून बाबांनी त्याला स्टुलावर बसवलं, कोरा कागद दिला आणि पेन हातात ठेवलं. तो स्वतःचं नाव लिहायला लागला. मग बायकोचं लिहिलं, मग सासऱ्यांचं. हळूहळू त्याचं विव्हळणं थांबलं.

“केवढ्याला घेतलं?” त्याने विचारलं. बाबांनी सांगितल्यावर तो म्हणाला, “दाढेपेक्षा स्वस्त आहे.”

शेवटी मिस्त्रींनी लिफ्ट हाताने ओढून थोडी वर घेतली आणि दार फाकवलं. वरचा मजला गळ्याच्या उंचीवर होता. तिघेही त्या घडीच्या टेबलावर चढून बाहेर आले. बाबा सगळ्यात शेवटी. बाहेर पडताना त्यांनी ते कार्डही घेतलं, मजल्यावर मांडी ठोकून बसले आणि आपल्या सहीवर त्याच पेनने रेघ मारली. रेघही सुरेख आली. बाबांनी ती बराच वेळ बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

त्या संध्याकाळी आत्या निकाल सांगायला आली होती. नवा पोशाख, घसा खाकरणं, सगळी तयारी. पण तिने तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “ताई, पेन परत देऊन टाक.”

“का रे? वाईट आहे?”

“फार चांगलं आहे. हातात आलं की सही करावीशी वाटते. तपासनिसाला सही करावीशी वाटता कामा नये. या आठवड्यात मी एकही लिफ्ट नापास केली नाही. एकही नाही! घंटासुद्धा दाबून बघितली नाही. सही कधी करतो, एवढंच डोक्यात.”

आईने बाबांकडे बघितलं. उठून त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि त्यांच्या मनगटावरचा शाईचा डाग ओल्या फडक्याने पुसायला लागली. तो गेला नाही.

आत्या मात्र रुसली. “मी आठवडाभर रेघा मारल्या त्या काय उगाच? माझा निकाल कोणी विचारणार आहे का?”

“सांग ना.”

“पेन किमतीला उतरतं,” आत्या म्हणाली. “पुरेपूर. फक्त ते कोणाच्या हातात द्यावं, हे दुकानदाराने बघायला हवं. गादी विकताना मी माणसाचं वजन विचारते. हे लोक काही म्हणजे काही विचारत नाहीत!”

दुसऱ्या दिवशी ती पेन घेऊन मालकांच्या घरी गेली. मालकांनी पडूनच पेन घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि गादी काही परत दिली नाही. “ठेवतो,” म्हणाले. मात्र किंमत ऐकून ते इतक्या दिवसांत प्रथमच ताडकन उठून बसले. “एका गादीला एवढे? ही लूट आहे!” मग त्या खोलीत जे भांडण झालं ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं म्हणे. ते म्हणाले, पेन तीन पिढ्या टिकतं. आत्या म्हणाली, पाठ एकच पिढी टिकते. शेवटी मालकांनी पैसे मोजले, पण आत्याने त्यांना पुन्हा झोपवून, दोन्ही कुशी बघूनच ते घेतले.

पुढचे दोन आठवडे बाबा त्या सात दिवसांतल्या सगळ्या लिफ्ट पुन्हा तपासत फिरले, जुनं बॉलपेन घेऊन. पाच नापास झाल्या. त्या इमारतींतली माणसं बाबांच्या नावाने बोटं मोडत जिने चढायची. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते पुन्हा पहिल्यासारखे झाले होते, पेन बुटावर घासत, छताकडे संशयाने बघत.

एकदाच, बऱ्याच महिन्यांनी, आम्ही त्या दुकानावरून जात होतो. काचेआड मखमलीची उशी रिकामी होती. बाबा थबकले आणि आत गेले. हातमोजेवाल्याने ओळखलं.

“गेलं का ते?”

“मागच्याच महिन्यात. एक साहेब घेऊन गेले. गाडी चालवायचे परवाने देतात ना, त्या कार्यालयातले.”

बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. मी तेव्हा नोकरीला लागलेली, चांगली घोडी झालेली. रस्ता मोकळा होता. तरी बाबा मला धरून फुटपाथच्या कडेला उभे राहिले, एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. लांबून एक मोटार सावकाश येत होती.

“ही जाऊ दे,” ते म्हणाले. “काही सांगता येत नाही.”